पाणी कोठून येते, कोठे जाते? – लहान मुलांसाठी पाण्याचे सहा धडे



पाच वर्षांच्या मुलाला विचारा, "बाळ, पाणी कोठून येते?" आज सिल्वासातील बहुतेक मुले एकच उत्तर देतील, "नळातून." हाच प्रश्न त्यांच्या आजीला विचारला तर ती विहिरीचे नाव सांगेल, तिकडे जाणारी वाट सांगेल, वाटेतला चढ सांगेल आणि वैशाखात विहिरीच्या तळाशी किती गढूळ पाणी उरत असे तेही सांगेल.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा राज्याला आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव या आपल्या केंद्रशासित प्रदेशाला 'हर घर जल' हे प्रमाणपत्र मिळाले. घरोघरी नळ पोहोचल्याचे हे प्रमाणपत्र देशात सर्वात आधी या दोघांना मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पाणी भरण्यात ज्या मुलीची सकाळ जात असे ती आता वेळेवर शाळेत पोहोचते. आईच्या मानेवरचा हंडा उतरला. पण हंड्याबरोबर एक शिक्षणही गेले. पाणी वाहून आणणाऱ्या मुलाला त्याचे वजन ठाऊक असते; ते सांडू नये हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. नळावर वाढणाऱ्या मुलाला मात्र ते मुद्दाम शिकवावे लागते. पुन्हा हंडा डोक्यावर देऊन हे साधायचे नाही. खेळातून आणि रोजच्या कामातून ते कसे साधावे, याचा विचार या लेखात करू.

भरपूर पाऊस, तरी टंचाई का?

आपल्याकडे वर्षाला साधारण २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी तो ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पाचव्या हिश्श्याइतका. तरीही चांगल्या पाणी-व्यवस्थेचे उदाहरण म्हणून देशभर हिवरे बाजारचे नाव घेतले जाते. आणि आपल्या डोंगराकडील पाड्यांत मात्र चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. असे का व्हावे?

कारण आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. खानवेल-दुधनीकडची जमीन उताराची. मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. कातळाला भेगा असतील तेवढेच पाणी आत मुरते. बाकीचे ओहोळांतून साकरतोडीत, साकरतोडीतून दमणगंगेत आणि दमणगंगेतून समुद्रात जाते. आपल्याकडे पाणी येते खूप, पण थांबते थोडे. 'पाणी वाचवा' या दोन शब्दांत ही गोष्ट मुलाला कळत नाही. ती त्याला दाखवावी लागते.

लहान मूल कसे शिकते?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा एक प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. पाच वर्षांचे मूल म्हणेल, "दोन्हींत सारखेच." आता त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातील पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओता आणि पुन्हा विचारा. मूल बहुधा म्हणेल, "बाटलीत जास्त आहे." पाणी तेच आहे हे त्याने पाहिलेले असते, तरी उंची त्याला फसवते. साधारण सात वर्षांच्या सुमारास त्याला कळू लागते की भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते.

यावरून शिकवणाऱ्याने काय घ्यावे? पाच वर्षांच्या मुलापुढे लिटरचे आकडे मांडून उपयोग नाही. त्याच्या हाती तांब्या, वाटी आणि बादली द्यावी. आकडे सात-आठ वर्षांनंतर.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या कोसबाडची. तलासरी ओलांडले की डहाणू तालुका लागतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती आली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांनाही आज आपण अंगणवाडी म्हणतो.

पाण्याच्या शिक्षणालाही हीच वाट योग्य आहे. भिंतीवर चित्र टांगून घोषणा पाठ करून घेण्याऐवजी मुलांना नळाखाली, पागोळीखाली आणि ओहोळाकाठी न्यावे. लागणारे साहित्य घरातच असते.

आधी एक इशारा

पाण्याची काटकसर शिकवताना काही मुले उलटाच अर्थ घेतात. हात धुतले नाहीत की पाणी वाचले, तहान मारली की पाणी वाचले, असे त्यांना वाटू लागते. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा : पिण्याच्या पाण्यात काटकसर नाही. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी हात धुण्यात काटकसर नाही. जुलाबाने आजारी मूल पाण्यासाठी खर्च होऊ नये म्हणून तहानलेले राहिले, तर ती बचत फार महाग पडेल. वाचवायचे ते वाया जाणारे पाणी.

दुसरा इशारा मोठ्यांसाठी. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते. पाण्याचा कोणताही खेळ मोठे माणूस जवळ असल्याशिवाय नको. ओहोळ, विहीर आणि बंधारा यांच्याकडे तर मुळीच एकटे सोडू नये. पावसाळ्यात ओहोळाला अचानक लोंढा येतो.

आता धड्यांकडे वळू.

धडा पहिला : नळामागची वाट (३ ते ८ वर्षे)

मुलांना घेऊन नळापासून मागे मागे चालत जा. नळी कोठून आली? टाकी कोठे आहे? टाकीत पाणी कोण चढवते? ते विहिरीचे, कूपनलिकेचे की धरणाचे? जाता येईल तितके चाला, पुढचे गोष्टीतून सांगा.

मग अंगणात काठीने नदी काढा. एका टोकाला मातीचे ढीग करून सह्याद्री उभा करा. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावते. तिची लांबी सुमारे १३१ किलोमीटर. वाटेत मधुबनजवळ तिच्यावर धरण आहे. तेथे एक मोठा दगड ठेवा. मग सिल्वासा, पुढे वापी, आणि शेवटी नानी दमण व मोटी दमण यांच्यामधून समुद्र. प्रत्येक ठिकाणी एकेक मुलाला उभे करा आणि डोंगराकडील मुलाच्या हातून पाण्याचा पेला एकाकडून दुसऱ्याकडे देत समुद्रापर्यंत न्या. वाटेत पाणी सांडतेच. समुद्राशी उभ्या असलेल्या मुलाने पेल्यात किती उरले ते सर्वांना दाखवावे.

धरणाच्या दगडाशी क्षणभर थांबा. या पाण्याखाली हवेलीतील काही कुटुंबांची घरे आणि शेते गेली आहेत. नळाला येणाऱ्या पाण्यासाठी कोणी तरी आपली जमीन सोडली, हे मुलांनी लहानपणीच जाणावे. भीती घालायची नाही, फक्त सांगायचे.

धडा दुसरा : मोजून पाहा (५ ते १२ वर्षे)

लहान मुलांनी मापांचा खेळ खेळावा. एका तांब्यात किती वाट्या? एका कळशीत किती तांबे? एका बादलीत किती कळश्या? खेळून झाल्यावर हे पाणी झाडांना घालावे.

मोठ्या मुलांनी घराचा पाण्याचा हिशेब लिहावा. स्वयंपाक, पिणे, अंघोळ, भांडी, कपडे, गुरे. कोठे किती बादल्या लागल्या ते आठवडाभर वहीत मांडावे. ग्रामीण भागातील सरकारी नळयोजनांत माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. आपले घर याच्या वर आहे की खाली? वर असेल तर कोठे जास्त लागते? हे मुलानेच शोधावे. आपण शोधून काढलेली गोष्ट मूल विसरत नाही.

आता गळका नळ. त्याच्याखाली तासभर तांब्या ठेवा आणि जमलेल्या पाण्याला चोविसाने गुणा. सेकंदाला एकच थेंब पडत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून अधिक आणि महिन्याला सुमारे १३० लिटर होतात. बहुधा त्या नळाला दोन-चार रुपयांची वायसर हवी असते. ती मुलाला बरोबर नेऊन विकत आणा आणि त्याच्यासमोर बसवा. "पाणी वाचवा" असे शंभरदा सांगण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक शिकवतो.

धडा तिसरा : हात धुवायचा डबा (३ ते १० वर्षे)

पूर्ण उघड्या नळातून मिनिटाला साधारण ६ ते १० लिटर पाणी जाते. हातांना साबण चोळताना तो चालू राहिला तर ते सगळे मोरीत गेले. हातपाय स्वच्छ आणि पाणीही थोडे, असा उपाय मुलांनाच करायला लावा.

साहित्य : मुठीचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा, दोरी, दोन दुबेळक्यांचे खांब, एक आडवी काठी, पायासाठी एक लहान काठी, साबण.

कृती : डब्याच्या मुठीच्या विरुद्ध बाजूस, झाकणापासून चार बोटे खाली, तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडावे. हे काम मोठ्यांनी करावे. आडवी काठी मुठीतून घालून दोन खांबांवर ठेवावी. डब्याच्या गळ्याला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीवरच्या काठीला बांधावे. डबा भोकाच्या खालपर्यंत भरावा. पायाने काठी दाबली की डबा कलतो आणि बारीक धार येते. पाय उचलला की धार थांबते. शेजारी जुन्या मोज्यात किंवा जाळीत साबण टांगावा. खाली केळीचे किंवा अळूचे रोप लावावे, म्हणजे सांडलेले पाणी कामी येते.

हात ओले करा, पाय काढा, वीस सेकंद साबण चोळा, पुन्हा पाय दाबून धुवा. बोटांच्या बेचक्या आणि नखे विसरू नका. धुतलेला हात डब्याला कोठेच लावावा लागत नाही, हा या डब्याचा आणखी एक गुण. अंगणवाडीच्या दारात आणि रविवारच्या वर्गाबाहेर असा एकेक डबा असावा.

धडा चौथा : पाऊस मोजू या (७ ते १२ वर्षे)

तळ सपाट आणि बाजू सरळ असलेला पत्र्याचा डबा मोकळ्या जागी ठेवा. वर झाड किंवा वळचण नको. डबा कलंडू नये म्हणून भोवती दगड लावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजा, वहीत तारीख आणि मिलिमीटर लिहा, डबा रिकामा करा. हवामान खातेही रोजचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते. पावसाळा संपला की मुलांनी बेरीज करावी.

यातून मोठी मुले एक सुंदर हिशेब शिकतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तो बरोबर एक लिटर होतो. सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद छप्पर म्हणजे तीस चौरस मीटर. त्यावर २००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६०,००० लिटर. पाचवा हिस्सा इकडेतिकडे गेला असे धरले तरी ४८,००० लिटर उरले. रोज २७५ लिटर लागणाऱ्या घराला ते जवळजवळ पावणेसहा महिने पुरावे!

मुले लगेच विचारतील, "मग आपल्याला पाणी कमी का पडते?" हाच प्रश्न त्यांच्या मनात यावा, यासाठी हा सारा खटाटोप. एवढे पाणी साठवायला टाकी किती मोठी लागेल, याचा त्यांना विचार करू द्या. घरात ठेवायला जागा नाही, म्हणून जमिनीत ठेवायचे, इथपर्यंत ती बहुधा आपणहून येतात. पन्हळीचे पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडणे ही त्याची सुरुवात.

पिंपात पावसाचे पाणी धरणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. डेंग्यूचा डास गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. पिंपाला घट्ट झाकण किंवा फडके बांधावे. आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावी. टायर, करवंट्या आणि कुंड्यांखालच्या बशा तपासायचे काम मुलांना द्यावे. पाण्यात वळवळणारी अळी त्यांनी एकदा पाहिली की पुढे झाकण लावायची आठवण तीच मोठ्यांना करून देतात.

धडा पाचवा : पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा (६ ते १२ वर्षे)

दोन पसरट घमेली किंवा आडवे कापलेले दोन डबे घ्या. एकात नुसती मोकळी माती भरा. दुसऱ्यात गवतासकट उचललेला मातीचा थर बसवा. दोन्हींना सारखा उतार द्या, खाली पेले ठेवा आणि झारीने सारखेच पाणी घाला. पहिल्या डब्यातून पाणी झटकन आणि तांबडे गढूळ येईल. दुसऱ्यातून सावकाश, थोडे आणि बरेच नितळ. तिसऱ्या डब्यात मातीवर पालापाचोळा पसरून पाहा.

मग मुलांना घेऊन पहिल्या चांगल्या पावसानंतर शेताच्या बांधावर उभे राहा. कोणत्या शेतातून गढूळ पाणी निघते? कोणत्या डोंगराखालचा ओहोळ नितळ आहे? उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर असते. याच वेळी राबाचाही विषय काढता येतो. रोपांच्या राबासाठी आपण झाडांच्या फांद्या तोडतो आणि पालापाचोळा जाळतो. तोच पाला खड्ड्यात कुजवला तर जमीन भुसभुशीत होते आणि पाणी अधिक धरते. मुलांना आजोबांशी वाद घालायला पाठवू नका. एका कोपऱ्यात त्यांच्या हाताने एक कंपोस्ट खड्डा करून घ्या आणि निकाल आजोबांनाच पाहू द्या.

पाणी अडवायचे तर कोठून सुरुवात करावी? अहमदनगरला अनेक वर्षे काम केलेले स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर हे पाणलोट विकासाच्या कामासाठी महाराष्ट्रात ओळखले जात. १९९३ साली सुरू झालेल्या 'वॉटर' या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. या कामाचा मूळ नियम साधा आहे : माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरमाथ्यावर चर आणि झाडे, मग उतारावर बांध, शेवटी ओढ्यात बंधारा. खालून सुरुवात केली तर वरची माती वाहून येते आणि बंधारा गाळाने भरतो. मातीचा ढीग करून त्यावर झारीने पाणी घातले की दहा वर्षांच्या मुलाला हा नियम स्वतःच सापडतो. एका गटाला फक्त पायथ्याशी बांध घालू द्या, दुसऱ्याला वरपासून, आणि कोणाचा बांध टिकतो ते पाहा.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरला की गावकरी रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून ओहोळावर वनराई बंधारा घालतात. त्या दिवशी मुलांना सुट्टीवर पाठवू नका. लहान पिशव्यांत माती भरण्याचे काम त्यांना जमते. माघ-फाल्गुनात त्यांना पुन्हा तेथे न्या आणि बंधाऱ्यावरचा व खालचा ओहोळ दाखवा.

धडा सहावा : वापरलेले पाणी कोठे जाते? (५ ते १२ वर्षे)

पहिल्या धड्यात आपण नळाच्या मागे गेलो. आता मोरीच्या पुढे जा. सांडपाणी कोणत्या नालीतून वाहते, कोठे साचते, कोणत्या ओहोळाला मिळते? साचत असेल तर तेथे डास आहेत का? भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वाटेतच अडवून अळू, केळ, शेवगा यांना देता येईल का? प्रत्येक मुलाला एक रोप नेमून द्या आणि ते धुवणाच्या पाण्यावरच जगवायला सांगा. तांदूळ धुतलेले पाणी फेकायचे नाही, ही सवय एका रोपाने लागते.

एक खेळ : स्वच्छ पाण्याच्या पेल्यात एक चमचा शाई टाका. "आता ती परत काढून दाखव!" गाळणी, फडके, वाळू, सारे करून पाहू द्या. घाण मिसळायला क्षण लागतो आणि काढायला दिवस जातो, हे त्यांना हाताने कळते. घाटावर प्लास्टिकची पिशवी टाकताना हा पेला आठवावा.

मोठ्या मुलांना नदीचे पुढचे प्रकरणही सांगावे. सिल्वासाहून दमणगंगा वापीजवळून दमणकडे जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक भागांचे मोजमाप केले तेव्हा सर्वात प्रदूषित भागांत अंकलेश्वरच्या खालोखाल वापीचा क्रमांक होता. कारखान्यांत आपल्याच घरांतील माणसे कामाला जातात. कारखाने नकोत असे मुलांना शिकवायचे नाही. वापरलेले पाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे आणि नदीच्या खालच्या अंगालाही माणसे राहतात, एवढे त्यांनी समजून घ्यावे.

पाणी भरणे हे मुलींचेच काम का?

धडे देताना घरातील एका रीतीकडे लक्ष ठेवा. माठ भरणे, भांडी घासणे, मोरी धुणे ही कामे मुलीकडे आणि नळाशी खेळणे मुलाकडे, असे चालू राहिले तर पाण्याचे शिक्षण अर्ध्याच घराला मिळते. माठ घासण्याची आणि भरण्याची पाळी मुलामुलींना आळीपाळीने द्या. माठात हात न बुडवता दांडीच्या ओगराळ्याने पाणी घेणे, माठ झाकून उंचावर ठेवणे, शंका आली की पाणी उकळून घेणे, हे मुलगेही शिकले पाहिजेत.

मोठ्यांनी काय करावे?

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. मुलांनी नळ नीट बंद केला म्हणून गावची विहीर भरत नाही. विहिरीचे भवितव्य मोठ्यांच्या हाती असते. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ पासून पुढे सरपंच असताना गावाने आपल्यावर नियम घालून घेतले. झाडे तोडायची नाहीत, गुरे मोकाट चरू द्यायची नाहीत, शेतीसाठी कूपनलिका खोदायच्या नाहीत, ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायचा आणि त्याप्रमाणे पिके ठरवायची. चारशे मिलिमीटर पावसात ते गाव उभे राहिले ते या नियमांमुळे.

आपली मुले पाऊस मोजतील, घराचा हिशेब लिहितील, बंधाऱ्याला माती भरतील. ती वही घेऊन एखादे मूल ग्रामसभेत उभे राहिले आणि त्याने विचारले, "गावात एवढा पाऊस पडला, मग आमची विहीर मार्चमध्ये का आटली?" तर उत्तर देण्याची तयारी आपण ठेवली आहे का? मुलांना शिकवायचे आणि आपण दर वर्षी आणखी खोल कूपनलिका मारायची, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. मूल ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकते.

वर्षाची आखणी

जून : पाऊस मोजायचा डबा ठेवणे, पन्हळी साफ करणे, रोपे लावणे.
जुलै-ऑगस्ट : मातीच्या डब्यांचा प्रयोग, ओहोळ पाहणे, दर आठवड्याला डासांच्या अळ्यांचा शोध.
सप्टेंबर-ऑक्टोबर : पावसाची बेरीज, बंधाऱ्याला मदत, कंपोस्ट खड्डा.
नोव्हेंबर ते जानेवारी : घराचा पाण्याचा हिशेब, गळक्या नळांची दुरुस्ती, धुवणाच्या पाण्यावर भाजीपाला.
फेब्रुवारी ते मे : दर महिन्याच्या एकाच तारखेला विहिरीच्या पाण्याची खोली मोठ्यांकडून दोरीने मोजून घेणे आणि वहीत लिहिणे; पक्ष्यांसाठी आणि गुरांसाठी पाणी ठेवणे; हे पाणी रोज बदलणे.

सर्व धडे एकदम घेऊ नका. या आठवड्यात एवढेच करा. घरातील सर्वात लहान मुलाला हाताशी धरून नळापासून मागे टाकीपर्यंत आणि मोरीपासून पुढे नालीपर्यंत चालून या. वाटेत त्याला तीन प्रश्न विचारा : पाणी कोठून आले? आज आपल्याला किती लागले? वापरून झाल्यावर ते कोठे गेले? त्याची उत्तरे चुकली तरी हसू नका. एखादे उत्तर तुम्हांलाही ठाऊक नसेल, तर त्याच्याबरोबर जाऊन शोधा.